हसऱ्याचं ठरलेलं उत्तर

मंत्री उत्तराला उभा राहिला की वर प्रेक्षक गॅलरीत बसलेली सून पुढे सरकून बसायची. मग तिची नजर त्याच्या दातांवर जाऊन बसायची. पांढरेशुभ्र दात, एका रांगेत, आणि हसल्याशिवाय तो तोंडच उघडायचा नाही. कुणाच्या मरणाची बातमी द्यायची असली तरी आधी हसेल, मग देईल. सुनेने त्याचं नाव हसऱ्या ठेवलं होतं. घरी, शिवणाच्या कारखान्यात, वकिलाच्या कचेरीत ती त्याला हसऱ्याच म्हणायची, आणि म्हणताना दात-ओठ खायची.

त्या दिवशी प्रश्न मास्तरांनी विचारला होता. मास्तर म्हणजे विरोधी बाकांवरचे जुने सदस्य. राजकारणात येण्याआधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळं सभागृह त्यांना मास्तरच म्हणायचं. प्रश्न सरळ होता. नदीत लाँच उलटून माणसं बुडाली, त्या लाँचची शेवटची तपासणी कधी झाली होती आणि कुणी केली होती?

हसऱ्याने समोरचा कागद उचललासुद्धा नाही.

"अध्यक्ष महोदय, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यावर मी इथे बोलणं उचित होणार नाही."

एवढं बोलून बसला. बसता बसता शेजारच्याकडे झुकला आणि कुजबुजला. पण माइक चालू राहिला होता, त्यामुळे कुजबुज गॅलरीपर्यंत आली.

"ढोसली त्या लाँचवाल्याने आणि डोकं आमचं दुखतंय."

बाकं हसली. नुसती त्याच्या बाजूची नाही, समोरचीही थोडी हसली. अध्यक्षांनी ओठ दाबले आणि म्हणाले, हे वाक्य कामकाजातून काढून टाकावं. खाली बसलेल्या लेखनिकांनी ते काढून टाकलं. झालं, संपलं. पुढचा प्रश्न धान्याच्या गोदामांचा होता.

सून उभी राहिली होती. आपण कधी उठलो ते तिला कळलंच नव्हतं. दारावरचा शिपाई जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, इथे उभं राहता येत नाही. बसा, नाहीतर बाहेर चला." ती बाहेर आली. खाली जमा केलेली पिशवी घेतली, बिल्ला परत दिला आणि सरळ शिवणाच्या कारखान्यात गेली. तिथे ती बसच्या सीटांची कव्हरं शिवायची. जाड रेक्झिन, दाभणाएवढी सुई, मशीन पायाखाली धडधडत असलेली. त्या दुपारी तिने दोन सुया मोडल्या आणि शेजारणीने "काय झालं गं" म्हणून विचारलं तर तिला असं काही फाडून खाल्लं, की ती बिचारी संध्याकाळपर्यंत बोललीच नाही.

तो ढोसलेला लाँचवाला म्हणजे सुनेचा नवरा.

आता ऐका, हा माणूस कसा होता ते. त्याचा बाप दारूपायी गेला होता. लहानपणी बापाला गटारीतून उचलून आणायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने पुढे आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आधी बाटली वाचून घ्यायचा. लाँचचं सुकाणू फिरवणारी साखळी झिजली होती. ती बदला म्हणून तो मालकाच्या मागे लागला होता, मेकॅनिकला घेऊन जाऊन दाखवली होती. मालक म्हणाला, बघू. मालक हसऱ्याचा लंगोटी मित्र, त्याला कशाची घाई? भर दुपारी, भर पाण्यात साखळी तुटली आणि लाँच पुलाच्या खांबावर आदळली. जे वाचले ते सांगत होते, की चालक शेवटपर्यंत खिडकीतून माणसं बाहेर ढकलत होता. तो स्वतः आतच राहिला.

आणि दुसऱ्याच दिवशी हा हसऱ्या सभागृहात उभा राहून सांगतो, प्राथमिक माहितीनुसार चालक दारूच्या नशेत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. माहिती कुणी दिली, कुठून आली, देव जाणे. पण वाक्य कामकाजात गेलं, कामकाजातून वर्तमानपत्रात गेलं आणि वर्तमानपत्रातून गल्लीत आलं. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातल्या बाईची मुलगी त्या लाँचमध्ये होती. सुनेची सासू लांबून येताना दिसली की ती शटर अर्धं खाली ओढायची. सासू मग लांबच्या दुकानातून पाव आणायची. गुडघे धरून चालायची, पण सुनेला जाऊ द्यायची नाही.

सून कोर्टात गेली ती त्यामुळे. वकील त्याच लाँचने रोज नदी ओलांडायचा. नवऱ्याला ओळखायचा, म्हणून सुनेला वहिनी म्हणायचा आणि केस त्याने आपण होऊन घेतली होती. लाँच नादुरुस्त होती आणि चालक निर्दोष होता, हे कोर्टाने ठरवावं, असा दावा सरकारी खात्यावर लावला. आणि दावा लागला रे लागला, हसऱ्याला आयतं उत्तर मिळालं. न्यायप्रविष्ट.

त्या संध्याकाळी ती वकिलाच्या कचेरीत जाऊन बसली. कचेरी म्हणजे जिन्याखालची खोली. कपाटं भिंतीला, आणि वकील कपाटांच्या मधे अडकलेला.

"हे न्यायप्रविष्ट म्हणजे काय ते मला नीट सांगा," ती म्हणाली. "इतके दिवस नुसती मान डोलावत होते."

वकिलाने चष्मा काढला. "नियम वाईट नाही, वहिनी. एखादी गोष्ट कोर्टापुढे असली की सभागृहाने तिच्यावर बोलायचं नाही. एवढी मोठमोठी माणसं माइकवर बोंबलायला लागली, तर जजने पुरावा ऐकायचा की बोंबा ऐकायच्या?"

"बरं. आणि तो पहिल्या दिवशी जे बोलला, ते?"

"तेव्हा केस नव्हती."

"मग त्याच्यावर खटला भरा. माझ्या नवऱ्याला दारुडा म्हणाला म्हणून."

"ते नाही करता येत. सभागृहात जे बोललं जातं, त्याबद्दल कोर्ट कुणाला जाब विचारू शकत नाही. तिथल्या माणसाला न घाबरता बोलता यावं म्हणून तसं आहे."

सुनेने दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाली, "म्हणजे तो तिथे काहीही बोलला तरी कोर्टाने विचारायचं नाही. आणि तो तसं का बोलला हे तिथे कुणी विचारायचं नाही, कारण मी कोर्टात आलेय."

"तसंच म्हणा."

"त्याच्या डोक्यावर छत्री धरून मीच उभी आहे, असं म्हणा की."

वकिलाने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण आता शेवट आलाय. पुढच्या तारखेला मेकॅनिकची साक्ष आहे. मोठ्या मुश्किलीने तयार झालाय. साखळीचं त्याने सांगितलं, की निकाल आपला. कोर्ट लिहील की तुमचा नवरा शुद्धीत होता."

"आणि हसऱ्या?"

"त्याचं काय?"

"त्याला काय होईल?"

"त्याला काही होणार नाही. तो दावा त्याच्यावर नाहीच."

"मग मला काय मिळालं?"

"तुमच्या नवऱ्याचं नाव मिळालं, वहिनी. ते काय कमी आहे?"

खरं तर ते कमी नव्हतं. घरी सासू त्याच एका गोष्टीवर दिवस ढकलत होती. सासूला मंत्री नको होता, मालक नको होता, तिला फक्त एक ओळ हवी होती. कोर्टाने, कुठल्या लुंग्यासुंग्याने नव्हे, कोर्टाने लिहावं की माझं पोरगं प्यालेलं नव्हतं. तारीख असली की ती सकाळीच तयार होऊन बसायची, केस विंचरून, चपला घालून, हातात पिशवी धरून. पुढची तारीख पडली की म्हणायची, "पडू दे. जज शिकलेला माणूस आहे. वाचायला वेळ लागतो." केसचं भिजत घोंगडं झालं होतं, पण सासूला ते वाळणार याची खात्री होती.

सुनेला ते सगळं दिसत होतं. पण तिच्या कानात ती बाकं हसत होती. मशीनवर बसली तरी हसत होती, भाकरी मोडायला बसली तरी हसत होती. तिच्या नवऱ्याने माणसं बाहेर ढकलता ढकलता पाणी प्यायलं आणि हे त्यावर हसले. आणि ते हसणं कामकाजातून काढून टाकलं. दारुडा मात्र काढला नाही. दारुडा तसाच राहिला छापलेला. या विचाराशी ती आली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग तिला नवऱ्याचं नाव, सासूची ओळ, मेकॅनिकची साक्ष, काही काही दिसत नसे. फक्त ते दात दिसत.

एक दिवस तिने सभागृहाच्या मागच्या दाराशी मास्तरांना गाठलं. मास्तर गाडीची वाट बघत उभे होते. तिने आपण कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातली फाइल दुसऱ्या हातात घेतली आणि मान खाली घातली.

"बाई, मी परत परत विचारतोय. पण तो एकच पाढा म्हणतो आणि अध्यक्षांना त्याचं ऐकावं लागतं. नियमच आहे."

"दावाच नसला तर?"

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "नसला तर त्याला उत्तर द्यावं लागेल. तपासणीचं, मालकाचं, सगळ्याचं."

"त्याला आधीच कळलं तर तो उत्तर तयार करून येईल."

"येईल."

"आणि नाही कळलं तर?"

मास्तर गणिताचे होते. मनातल्या मनात हिशेब केला. "नाही कळलं तर तो नेहमीचंच बोलेल. आणि ते खोटं असेल. सभागृहात मंत्र्याने खोटं बोलणं म्हणजे हक्कभंग." मग एकदम सावध झाले. "पण बाई, मी तुम्हाला दावा काढा म्हणून सांगत नाहीये. ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मागे घेतलेला दावा परत आणता येईलच असं नाही, वकिलाला विचारा."

"तुम्ही फक्त त्याला विचारा," सून म्हणाली. "पहिल्यांदा विचारा, दुसऱ्यांदा विचारा, आणि तो नीट अडकेपर्यंत कागद काढू नका."

कळलं तर उत्तर द्या, नाही कळलं तर खोटं बोला. इकडे आड, तिकडे विहीर. कित्येक महिन्यांनी सुनेला त्या रात्री गाढ झोप लागली.

वकिलाने तिला परोपरीने समजावलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तो म्हणाला, पण चढल्यावर निकालाच्या पायरीवरून उडी मारणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही. आईंना विचारलंत का? सून म्हणाली, विचारलंय. विचारलं नव्हतं. दावा तिच्या एकटीच्या नावावर होता, सही तिची एकटीची लागणार होती. सासूला तिने सांगितलं, की आजची तारीख पुढे गेलीय, तुम्ही घरीच थांबा. सासूने पायातल्या चपला काढल्या आणि दारामागे नीट लावून ठेवल्या.

कोर्टात त्यांचा नंबर सकाळीच आला. सरकारी वकील पुढची तारीख मागायला उठणार, एवढ्यात सुनेचा वकील उठला आणि दावा मागे घेण्याची परवानगी मागितली. सरकारी वकील अर्धवट उठलेला तसाच राहिला. मग घाईघाईने म्हणाला, आमची काहीच हरकत नाही, मात्र हा दावा पुन्हा लावण्याची मुभा देऊ नये. तेवढं त्याला बरोबर सुचलं.

जज वयस्कर होते. त्यांनी सुनेला पुढे बोलावलं.

"स्वखुशीने मागे घेताय? कुणाचा दबाव?"

"नाही साहेब."

"पुन्हा आणता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी समोरची जाडजूड फाइल मिटली. "मी हे सगळं वाचून आलो होतो आज," ते म्हणाले, आणि ते सुनेला म्हणाले की स्वतःला, ते कळलं नाही. मग हुकूम सांगितला. वकिलाने सहीशिक्क्याची नक्कल मिळवून तिच्या हातात ठेवली आणि निघून गेला. रोज ‘येतो वहिनी’ म्हणायचा, त्या दिवशी म्हणाला नाही.

आता गंमत बघा. सरकारी वकिलाने खात्यात लगेच कळवलं होतं. पण कळवलं कसं, तर आनंदाने. सुंठीवाचून खोकला गेला, साहेब, बाईने स्वतःच दावा काढून घेतला. खात्यातले साहेबही म्हणाले, छान, फाइल बंद करा. सरकारी कचेऱ्यांची एक रीत असते. हरलेल्या केसची बातमी धावत जाते, रात्री झोपेतून उठवून सांगतात. जिंकलेली केस संध्याकाळच्या डाकेत जाते. तिची घाई कुणाला? कुणाच्या डोक्यात आलंच नाही, की ती केस म्हणजे मंत्र्याच्या तोंडावरचं कुलूप होतं आणि ते आता निघालंय. कागद साहेबाच्या टेबलावर आणि साहेब जेवायला.

दुपारी सभागृह भरलं. हुकमाची नक्कल मास्तरांच्या फाइलीत पोचली होती. सून गॅलरीत पहिल्या रांगेत होती. कठड्यावर हात ठेवायची मनाई असते, म्हणून हात मांडीखाली दाबून बसली होती.

मास्तरांनी तोच प्रश्न विचारला. हसऱ्या उठला, हसला.

"अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. पण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

"आज?" मास्तरांनी विचारलं. "आज, आत्ता, हे प्रकरण कोर्टापुढे आहे, असं मंत्रिमहोदय जबाबदारीने सांगतात का?"

"शंभर टक्के."

"खात्री केली आहे?"

इथे तो ‘माझ्या माहितीप्रमाणे’ म्हणाला असता, तर वाचला असता. मंत्र्याला चुकीची माहिती मिळू शकते, तो माफी मागतो, सगळे चहा प्यायला जातात. पण समोरच्या बाकांची चुळबुळ पाहून त्याला चेव आला. टोपी उडवायची संधी आली असं वाटलं त्याला.

"अध्यक्ष महोदय, मास्तरांना वर्गात हजेरी घ्यायची सवय आहे, म्हणून सांगतो. आज सकाळी मी स्वतः आमच्या वकिलांशी बोललो. स्वतः. केस चालू आहे, पुढची तारीख मिळाली आहे. झालं समाधान?"

त्याची बाकं हसली. सून वर बसून मनात म्हणत होती, हस, हस मेल्या, हसून घे.

मास्तरांनी फाइल उघडली. घाई केली नाही. हुकूम आधी तारखेसकट वाचला, मग कोर्टाचं नाव वाचलं, मग मजकूर. दावा मागे घेण्यात आला असून निकाली काढण्यात येत आहे. मग म्हणाले, "मंत्रिमहोदय सकाळी कुठल्या वकिलांशी बोलले, ते सभागृहाला कळलं तर बरं होईल. कारण त्यांच्या वकिलांनीच तिथे ‘हरकत नाही’ म्हणून सांगितलंय."

हसऱ्याने कागद उचलला. पहिल्यांदाच उचलला. उलटा केला, सुलटा केला. मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी एकमेकांकडे बघत होते. तो काहीतरी बोलायला गेला आणि ओठ दातांना चिकटले. सुनेने ते वरून स्पष्ट पाहिलं. कोरडे ओठ दातांवर चिकटले आणि सुटेनात. तिच्या अंगात असं काही सुख पसरलं, की तिला रडू आलं. लग्नाच्या दिवशी आलं नव्हतं एवढं.

पुढचं सगळं भराभर झालं. हक्कभंगाची सूचना आली. त्याच्या पक्षातलेच त्याच्यावर टपून होते, त्यांना आयतं कोलीत मिळालं. आठवडा उलटायच्या आत राजीनामा. टीव्हीवर तो गाडीत बसताना दाखवला, तोंड मिटलेलं. सुनेने तेवढा भाग पुन्हा पुन्हा बघितला. त्या रात्री ती दोनदा जेवली.

सासू भिंतीला टेकून बसली होती. "का गेला गं तो?"

"खोटं बोलला म्हणून," सून म्हणाली.

सासूने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाली, "मी म्हणत नव्हते? खोटं ते खोटंच. कधी ना कधी बाहेर येतंच."

सुनेला तेव्हाच सांगता आलं असतं. कुठलं खोटं, ते. जीभ रेटली नाही म्हणा, किंवा त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही म्हणा. ती गप्प बसली. आणि सासू दुसऱ्या दिवशी सकाळी उठून थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. पावाच्या बाईला म्हणाली, माझ्या पोराला दारुडा म्हणाला म्हणून मंत्र्याला घालवलं, बाई. सरकारनेच घालवलं. पावाची बाई शटर ओढायची विसरली. मग तिने काउंटरवरून हात पुढे केला आणि सासूचा हात धरला. दोघी म्हणे तिथे उभ्या उभ्याच रडल्या. घरी आल्यावर सासूने हे सांगितलं आणि सून उठून मोरीवर भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

मास्तर हाती घेतलेलं काम अर्धं सोडणाऱ्यातले नव्हते. नवीन मंत्री आल्यावर त्यांनी प्रश्न लावला, की चालक नशेत होता हे जुन्या मंत्र्याचं विधान सरकार मागे घेणार का? त्याची वेळ त्यांनी सुनेला निरोप पाठवून कळवली. निरोप आला तेव्हा सासू समोरच होती. "मी येणार," ती म्हणाली. सुनेने गुडघ्यांचं सांगितलं, जिन्यांचं सांगितलं, तिथे तासन्‌तास गप्प बसावं लागतं ते सांगितलं. सासू म्हणाली, "कोर्टात बसायला निघायचे तेव्हा कधी पाय दुखले म्हटलं का मी? माझ्या पोराचं नाव पुसून काढणार आहेत. मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

गेल्या दोघी. सासू पुन्हा तशीच नटली होती, केस विंचरून, हातात पिशवी. पिशवी खाली जमा केली तेव्हा तिला कसंसंच झालं. शिपायाने तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

नवीन मंत्री वयाने मोठे होते. न हसणारे. हळू बोलायचे. आणि मुख्य म्हणजे, सगळे कागद वाचून आले होते.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "माझ्या आधीच्या मंत्रिमहोदयांकडून जी चूक झाली, तिची किंमत त्यांनी मोजली आहे. मात्र ती चूक दावा चालू आहे की नाही, याबद्दलची होती. चालकाबद्दलच्या विधानाचा तिच्याशी संबंध नाही. आता त्या विधानाबद्दल. चालक निर्दोष होता हे ठरवून घेण्यासाठी त्याच्या पत्नीने दावा लावला होता. साक्षीची तारीख तोंडावर असताना तो त्यांनी मागे घेतला. स्वखुशीने, कुणाचा दबाव नसताना, असं हुकमातच नोंदलेलं आहे. सन्माननीय सदस्यांनीच तो हुकूम इथे वाचून दाखवला होता. घरच्याच माणसाने हात काढून घेतल्यावर सरकारने वेगळं काय म्हणावं? ते विधान कायम राहील."

मास्तर उठले. काहीतरी बोलले, चौकशी करा असं. नवीन मंत्री म्हणाले, कशाच्या आधारावर? मास्तर फाइल मिटून खाली बसले. त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं नाही.

सासू शेवटपर्यंत पुढे झुकून ऐकत होती. तिला ऐकू कमी यायचं, पण माइकवरचं स्वच्छ येत होतं. ती सुनेकडे वळली नाही. शिपायाला म्हणाली, मला बाहेर जायचंय. जिना उतरताना सुनेने हात पुढे केला, तो तिने धरला नाही, कठडा धरला. एकेक पायरी उतरत खाली आली. पिशवी परत घेतली. बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं, तिथे येऊन थांबली.

"तू मागे घेतलास?"

"आई, तो हसला होता हो. तुम्ही ऐकलं नाही. तुमच्या मुलावर भर सभागृहात हसला होता. मला त्याला..."

"मागे घेतलास का, ते विचारतेय मी."

"हो."

"पुन्हा लावता येतो?"

"नाही."

सासूने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि आवाजही चढला नव्हता. सुनेला वाटलं, निदान चार शिव्या तरी घालाव्यात हिने.

"त्या मेल्याने नुसतं म्हटलं होतं, सूनबाई," सासू म्हणाली. "खरं तू केलंस."

आणि एकटीच बसथांब्याकडे चालू लागली.